दोन बोटं कमी

"डॉली, मागे हो! मागे!"

लिओ बार्टको ओरडला तेव्हा रोडेल पेटस थेट तिच्याच रोखाने येत होता. बॉल डाव्या काखेत, तोंड उघडं, आणि पाठीवर वेस्ट कार्वरची दोन दांडगी पोरं. डोलोरेस हुडाकने नियमाप्रमाणे हातातली काठी खाली टाकली आणि दोन पावलं मागे घेतली. नजर मात्र मागे घेता आली नाही. चुन्याच्या रेघेच्या हातभर अलीकडे रोडेल थांबला. म्हणजे थांबल्यासारखा झाला. कंबर एकीकडे गेली, पाय दुसरीकडे. पहिलं पोरगं त्याच्या शेजारून सुसाट पुढे गेलं आणि आपल्याच संघाच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलं. दुसऱ्याने दोन्ही हातांनी मिठी मारली, ती स्वतःलाच. तोवर रोडेल आत वळून पंधरा यार्ड पुढे गेला होता.

"देवा रे!" डोलोरेसच्या तोंडून निघून गेलं.

"तोंड मीट," साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून लिओ म्हणाला. "साखळीवाल्यांना पक्ष नसतो."

"मी कुठे काय बोलले?"

"दात दिसतायत तुझे."

तिने ओठ मिटले, काठी उचलली आणि नव्या जागी जाऊन उभी राहिली.

खेळ म्हणजे शाळांमधला अमेरिकन फुटबॉल. साखळी बरोबर दहा यार्डांची होती, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी काठी. चार प्रयत्नांत बॉल दहा यार्ड पुढे नेला तर तो आपल्याकडेच राहतो आणि पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही नेला तर समोरच्यांचा. ते दहा यार्ड कुठे संपतात हे सगळ्या मैदानाला दाखवायचं काम साखळीचं. मागची काठी लिओ धरायचा. तो गावचा पोस्टमन. आठवडाभर लोकांची कुत्री आणि शनिवारी साखळी, असा त्याचा संसार. पुढची काठी सव्वीस वर्षं डोलोरेसच्या नवऱ्याच्या, स्टशच्या हातात होती. गेली दोन वर्षं ती तिच्याकडे होती.

कॅल्डरच्या मैदानाला दिवे नव्हते. पोलादाची भट्टी चालू होती त्या काळात दिवे बसवायचं ठरलं होतं. पुढे भट्टीच बंद पडली. म्हणून आजूबाजूची गावं शुक्रवारी रात्री खेळायची आणि कॅल्डर शनिवारी दुपारी.

स्टशला झटका आला तो ऑगस्टमध्ये, परसात टोमॅटोंना आधाराच्या काठ्या लावताना. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. म्हणजे पाच-सहा शब्द उरले. 'हो', 'नाही', 'किती', 'जा', आणि एक शिवी, जी फादर घरी आले असतानाच नेमकी बाहेर पडायची. हंगाम तोंडावर आला तेव्हा लिओ टोपी हातात धरून स्वयंपाकघरात येऊन बसला.

"माझा पुतण्या आहे मोकळा," तो खाली बघत म्हणाला. "स्टश बरा होईपर्यंत. तात्पुरता."

"तुझ्या पुतण्याला डावं-उजवं कळत नाही," डोलोरेस म्हणाली. "मी येते."

लिओ हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. "साखळीवर? बाई?"

"काठी धरायची आहे ना? का तिच्यावर चढायचं आहे?"

खुर्चीतून स्टशने डावा हात टेबलावर आपटला. "जा!"

हे 'जा' लिओला होतं की तिला, ते दोघांनाही कळलं नाही. डोलोरेसने ते आपलं म्हणून घेतलं आणि पहिल्याच शनिवारी नवऱ्याचं जाकीट घालून मैदानावर हजर झाली. बाकांवरून लोक ओरडले, "डॉली, पिरोगी कुठायत?" पिरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या. ती शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची, त्यामुळे त्या बाकांवरच्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी जेवू घातलं होतं. कोण भाज्या टाकायचा आणि कोण दोनदा रांगेत यायचा, सगळं तिला पाठ होतं. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

खेळ तिला स्टशमुळे माहीत होता, पण दुरून. एक्कावन्न साली स्टश वेस्ट कार्वरच्या तिघांना अंगावर घेऊन शेवटच्या रेघेपलीकडे गेला होता. त्याचा फोटो अजून न्हाव्याच्या दुकानात लावलेला आहे. चेहरा दिसत नाही, नुसती माणसांची गुंडाळी आणि तिच्या तळाशी दोन पाय. पुढे जायचं तर पुढेच जायचं, हा त्याचा एकच हिशेब होता. भट्टीवर अंगात ताप घेऊन जायचा. फोरमनशी भांडायचं तर तोंडावर. सासऱ्याकडे तिला मागणी घातली ती जेवणाच्या ताटावर, सगळ्यांसमोर, सूप यायच्या आधी. डोलोरेसचा स्वभाव वेगळा. ती सासूला एकदाही उलट न बोलता चौतीस वर्षं स्वतःच्याच मनासारखी वागली होती.

रेघेवर उभं राहिल्यावर तिला खेळ वेगळा दिसायला लागला. मुख्य म्हणजे ऐकू यायला लागला.

डेल क्रूपा पळायचा तेव्हा धरण फुटल्यासारखा आवाज व्हायचा. शंभर किलोचा पोरगा. बॉल पोटाशी धरायचा, खांदा खाली घालायचा आणि समोर जिथे सगळ्यात जास्त माणसं असतील तिथे शिरायचा. हेल्मेटवर हेल्मेट, छातीतून निघालेले हुंकार, मग ढीग, आणि तो ढीगच मुळी तीन यार्ड पुढे सरकलेला. बाकांवरून बघताना तिला हा निव्वळ आडदांडपणा वाटायचा. दहा हातांवरून तिने बघितलं की प्रत्येक वेळी बॉल मिळायच्या आधी डेल क्षणभर डोळे मिटतो, जसं थंड पाण्यात उतरताना कुणी मिटावेत. म्हणजे त्याला दुखणार हे ठाऊक असायचं. विसाव्या वेळीही ठाऊक असायचं, आणि तरी तो जायचा. त्या दिवसापासून कँटीनमध्ये ती त्याला न मागता जास्तीचा पाव द्यायला लागली.

आणि रोडेल. पासष्ट किलोचा, मनगटं बाईसारखी. तो पळताना आवाज यायचा तो फक्त इतरांचा. हात हवेत आपटल्याचा, कुणीतरी चिखलात घसरल्याचा, "अरे, कुठे गेला?" असा. त्याचा स्वतःचा नाही. माणूस पुढे येताना बघून लोक अंग चोरतात. हा पोरगा उलट त्याच्या जवळ जायचा, अगदी श्वास लागेल इतका, आणि मग तिथे नसायचाच. डोलोरेसला वाटायचं, समोरच्याला तो आधी काहीतरी देतो, आता मी सापडलो असं मनापासून वाटू देतो, आणि मगच निघून जातो.

"दिखाऊ काम," लिओ म्हणायचा. सामना झाला की दोघं साखळी गुंडाळताना हा वाद नेहमीचा. "डेल तीन यार्ड देतो, पण देतो. तुझा रोडेल? चार मागे, दोन मागे, मग एकदम साठ."

"साठ म्हणजे साठच ना?"

"साठ यार्ड ही साखळी उचलून पळावं कुणाला लागतं? माझे गुडघे गेले त्याच्यापायी."

शनिवारी संध्याकाळी घरी गेलं की स्टश टेबलाशी वाट बघत असायचा. रेडिओवर त्याने सगळं ऐकलेलं असायचं, तरी त्याला तिच्याकडून हवं असायचं. ती पीठ भुरभुरवलेल्या टेबलावर रविवारच्या पिरोगी मांडायची, अकरा इकडे, अकरा तिकडे, आणि शिवणाचं अंगुस्तान रोडेल म्हणून फिरवायची. "हा असा आला. हा आडवा आला. मग हा, बघ, इथून... अरे, मलाच करता येईना. पण गेला!"

"नाही," स्टश म्हणायचा. डावी मूठ उचलून तो मधोमध घालायचा. तीन पिरोगींचं सारण बाहेर. "क्रूपा!" हा शब्द त्याच्याकडे नव्याने आला होता, डेल क्रूपामुळे. डॉक्टरांनाही त्याचं नवल वाटलं होतं.

"त्या तीन तुलाच खायच्या आहेत," ती म्हणायची. तो हसायचा, अर्ध्या तोंडाने.

तर लिओने तिला तोंड मिटायला लावलं तो शनिवार. हंगामाचा शेवटचा सामना, समोर वेस्ट कार्वर. जिंकले तर तेवीस वर्षांनी विजेत्याचा पट्टा कॅल्डरकडे येणार होता. सकाळपासून भुरभुर पाऊस, मैदानाचा चिखल झालेला. शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा कॅल्डर चार गुणांनी मागे होतं आणि बॉल वेस्ट कार्वरच्या रेघेपासून नऊ यार्डांवर. तीन वेळा डेलला दिला होता. तीन वेळा तो शिरला, मिळून आठ यार्ड काढले, आणि तिसऱ्यांदा उठला तेव्हा डावा खांदा खाली लोंबत होता. आता चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे. ते मिळाले तर आणखी चार प्रयत्न. नाही तर सगळं संपलं.

"क्रू-पा! क्रू-पा!" बाकं हलत होती. दोन यार्डांसाठी आडव्यातिडव्या पळणाऱ्याला बॉल देतं का कुणी?

कोचने रोडेलला दिला. बाकांवरून जो सुस्कारा निघाला तो डोलोरेसला पाठीवर जाणवला.

रोडेल नेहमीसारखा बाहेर निघाला, तिच्या बाजूला. तिने काठी टाकली. पण बाहेरची वाट बंद होती. दोघं आधीच येऊन उभे होते. वर्षभर त्यांना हेच शिकवलं असणार. एरवी तो मागे फिरला असता, सात-आठ यार्ड मागे जाऊन दुसरी वाट काढली असती. तेवढा वेळ नव्हता. त्याने एकदा जमिनीवरच्या नारिंगी काठीकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि सरळ त्या दोघांच्या मधे शिरला.

डोलोरेसने तो आवाज आजवर त्याच्या बाबतीत ऐकला नव्हता. हाडावर हाड. त्याचे पाय थांबले नाहीत. चिखलात दोन पावलं घसरली, तिसरं रुतलं, आणि त्या पायावर तो दोघांना रेटत पुढे ढकलत होता, एकेक वीत. तिसरा मागून आला. रोडेलचा गुडघा वळू नये तसा वळला. पडता पडता त्याने बॉल धरलेला हात पुढे लांबवला.

शिटी. पंच बॉलजवळ उभा राहिला, वाकून बघितलं, आणि रेघेकडे हात केला. "साखळी आणा."

 लिओ आणि ती साखळी घेऊन आत आले. बूट चिखलात फसत होते. लिओने आपली मागची काठी ठरल्या रेघेवर टेकवली आणि पायाने दाबून धरली. डोलोरेस पुढे गेली, साखळी ताणली, काठी जमिनीत रोवली. बॉलचं टोक काठीच्या नखभर पुढे होतं.

मागे कुणीतरी आनंदाने किंचाळलं. डेल क्रूपाने चांगला हात वर केला.

आणि तिला कडी दिसली. तिच्यापासून दोन पावलांवर, चिखलाचा गोळा लागलेल्या जागी, एक कडी दुसरीवर दुमडून बसली होती. साखळी ताणलेली दिसत होती, पण पूर्ण नव्हती. पंच बॉलकडे बघत होता. लिओ तिकडे लांब. वेस्ट कार्वरची पोरं पंचाच्या तोंडाकडे. कडीकडे फक्त ती बघत होती. रोडेल कुशीवर पडून, गुडघा दोन्ही हातांत धरून, काठीकडे बघत होता.

एक श्वासभर ती तशीच उभी राहिली. तो श्वास तिला पुढे फार दिवस आठवला. त्यात तिने काही विचार केला असं नाही. कडी दुमडली आहे, एवढंच मनात होतं.

"थांबा," ती पंचाला म्हणाली. काठी उपटली, साखळी एकदा झटकली. चिखल उडाला, कडी सुटली. तिने पुन्हा ताणलं आणि काठी रोवली.

आता बॉलचं टोक काठीच्या दोन बोटं मागे होतं.

पंच तिच्याकडे बघत राहिला. म्हातारा माणूस होता. त्याने काय झालं ते ओळखलं असावं. त्याने टोपीच्या टोकाला बोट लावलं आणि हात उलट्या दिशेला केला. बॉल वेस्ट कार्वरचा.

बाकांवरच्या लोकांना दिसलं ते इतकंच, की काठी बॉलच्या मागे होती ती डॉली हुडाकने उचलून पुढे ठेवली.

सामना संपल्यावर कॉफीचा एक कागदी पेला तिच्या जाकिटावर येऊन फुटला. कुणी टाकला हे तिने बघितलं नाही. "स्टश असता तर हे झालं नसतं!" कुणीतरी म्हणालं. तिला आवाज ओळखता आला. तिसरीत तो दुधाला हात लावायचा नाही. ती खाली बसून साखळी गुंडाळत राहिली. लिओ शेजारी उभा होता, मदत न करता. पहिल्यांदाच.

"डॉली," शेवटी तो म्हणाला, "ती कडी तुला दिसायलाच हवी होती का?"

"दिसली."

"तू दुसरीकडे बघायचं होतंस. तू तर सगळ्याला वळसा घालतेस. सासूला घातलास, मला घालतेस. आजच एकदा..."

"लिओ," ती म्हणाली, "तो पोरगा सरळ गेला रे."

 लिओने वाकून साखळीचं दुसरं टोक उचललं.

घरी रेडिओ बंद होता. म्हणजे स्टशने सगळं ऐकलं होतं, निवेदकाने तिचं नाव घेऊन काय म्हटलं तेही. तिने जाकीट काढून सिंकमध्ये टाकलं, कॉफीच्या डागावर पाणी सोडलं. पिरोगींचं पीठ काढलं नाही.

"किती?" मागून स्टश म्हणाला.

तिने न वळता दोन बोटं वर केली.

 मग खुर्ची सरकली. तो उठला होता, टेबलाला धरून.

"क्रूपा?"

"नाही. रोडेलला दिला होता."

त्याने डावा हात हवेत आडवा हलवला, माशासारखा, आणि तोंड वाकडं केलं. नाचरा कुठला.

"नाही, स्टश," तिने नळ बंद केला. "आडवा नाही गेला. वाट बंद होती, तर मान खाली घालून दोघांच्या मधून गेला. पासष्ट किलोचं पोरगं. दोघांना अंगावर घेऊन गेला. पाय थांबवले नाहीत त्याने. मी एवढ्यावर होते. मी बघितलं."

स्टश तिच्याकडे बघत होता. झटका आल्यापासून त्याला रडू लवकर यायचं. डॉक्टर म्हणाले होते, त्याचा अर्थ लावू नका. पण आता तो रडत नव्हता. तो टेबलाला धरून तिच्याजवळ आला, तिचा ओला हात हातात घेतला, तिची ती दोन बोटं पकडली आणि बघत राहिला, जणू त्यांच्यावर काही लिहिलेलं आहे. मग त्याने ती हळूच मिटवली.

"हो," तो म्हणाला.

सोमवारी कँटीनमध्ये रांग नेहमीसारखी होती, बोलणं नव्हतं. पोरं ताट पुढे करायची, नजर दुसरीकडे. "बटाटे?" ती विचारायची, मान हलायची. बरोबरच्या बायकाही भांड्यांत डोकं घालून काम करत होत्या. डोलोरेस वाढत राहिली. प्रत्येकाला तेवढंच, डाव कडेने निपटून.

रोडेल शेवटी आला. हनुवटीवर टाके, उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्या. कुबड्या दिल्या असणार, त्या त्याने कुठेतरी ठेवून दिल्या होत्या. तो शेवटच्या वर्षाचा होता. पासष्ट किलोच्या पोराला कुठल्या कॉलेजने बोलावलं नव्हतं, आणि त्या गुडघ्याकडे बघून आता बोलावणारही नव्हतं.

"मिसेस हुडाक," तो हळू म्हणाला, "नक्की किती कमी पडला हो?"

"दोन बोटं."

त्याने स्वतःची दोन बोटं ताटाच्या काठावर ठेवून बघितली. "बॉल डाव्या हातात होता," तो म्हणाला. "माझा उजवा हात जरा लांब आहे. आईने मापून बघितला काल."

"रोडेल, कडी दुमडली होती बाळा. मला..."

"मला दिसली होती," तो म्हणाला. "मी खाली पडलो होतो ना. तिथून स्वच्छ दिसत होती. मी बघत होतो, तुम्ही काय करता ते."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"आणखी थोडे बटाटे घाला की," रोडेल म्हणाला.

तिने घातले. वर पाव ठेवला, दुधाचा पेला काठोकाठ भरून दिला, आणि मग लक्षात आलं की हा आता हे सगळं नेणार कसं. सगळं कँटीन गच्च भरलेलं. खुर्च्या मागे सरकवलेल्या, दप्तरं वाटेत, पोरं उभी, पाठी वळलेल्या. एरवी हा त्यातून कसा जायचा ते बघायला ती काम थांबवायची. आज पाय वाकत नव्हता. वळताही येत नव्हतं.

त्याने ताट दोन्ही हातांत घेतलं आणि सरळ निघाला.

पहिला उठला तो डेल क्रूपा. एक हात गळ्यातल्या झोळीत. त्याने पायाने आपली खुर्ची आत ढकलली आणि बाजूला झाला. मग शेजारच्या टेबलावरचा कुणीतरी. मग दप्तरं उचलली गेली.  रोडेल एकेक पाय टाकत मधून जात होता, आणि त्याच्यापुढे वाट होत होती, भिंतीजवळच्या शेवटच्या टेबलापर्यंत.